एल्डरबीच्या तोफेची किल्ली

रविकांत सबनिसांना तोफेची किल्ली मिळाली तेव्हा जो आनंद झाला, तो कॅनडाचं नागरिकत्व मिळालं तेव्हाही झाला नव्हता. नागरिकत्वाचं काय, अप्लाय केलं आणि धीर धरला की मिळतं. किल्ली मात्र एल्डरबी गावानं आपणहून दिली होती.

एल्डरबी लंडनपासून तासाभराच्या अंतरावर आहे. हे ऑन्टारिओतलं लंडन. ‘आमचा रवी लंडनजवळ असतो’ एवढंच सांगून रविकांतरावांच्या थोरल्या बहिणीनं मिरजेत इतकी वर्षं रुबाब केला होता, आणि कुठलं लंडन हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. गाव म्हणाल तर मक्याच्या शेतांत हरवलेलं. एक मुख्य रस्ता, दोन चर्च, एक हॉकीचं रिंक आणि टाउन हॉलसमोर युद्धात मेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगडी स्तंभ. स्तंभाशेजारी लोखंडी कुंपणात मॉड उभी असते. मॉड ही तोफ. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या फौजेनं जर्मनांकडून काबीज केलेली आणि युद्ध संपल्यावर सरकारनं गावोगाव वाटलेल्या तोफांमधून एल्डरबीच्या वाट्याला आलेली. शेजारच्या ब्रुकटनला नुसती एक मशीनगन मिळाली होती, आणि तीही त्यांनी पुढच्या युद्धात मोडीत दिली. एल्डरबीच्या माणसाला ब्रुकटनबद्दल काहीही विचारा, तिसऱ्या वाक्याला ही मशीनगन येते.

कुंपणाला कुलूप, कुलपाला एकच किल्ली आणि ती गावातल्या एका भरवशाच्या माणसाकडे, अशी तिथली रीत. आधी ती वॉल्टर प्रुइटच्या वडिलांकडे होती, मग वॉल्टरकडे आली. वॉल्टर नव्वदीच्या पुढे गेला आणि त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यानं लीजन हॉलमधल्या मीटिंगमध्ये किल्ली टेबलावर ठेवली. लीजन ही निवृत्त सैनिकांची संस्था. तिच्या हॉलमध्ये बिअर स्वस्त मिळते आणि म्हणून गावाचे सगळे निर्णय तिथेच होतात.

किल्लीला उमेदवार दोन. एक हार्डवेअरच्या दुकानाचा मालक गॉर्डन, ज्याच्या आजोबांचं नाव स्तंभावर कोरलेलं होतं. दुसरे आपले रविकांतराव. गावच्या हायस्कूलचे फिजिक्सचे निवृत्त शिक्षक, आणि दर अकरा नोव्हेंबरला स्मरणाच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडणारे. खुर्च्या त्यांनी इतकी वर्षं मांडल्या होत्या, की त्यांच्याशिवाय त्या उघडतच नाहीत असा लोकांचा समज होता. गॉर्डनला त्यांनी शाळेत दोनदा नापास केलेलं, त्यामुळे त्याच्या बाजूनं दयामाया संभवत नव्हती. मतं सारखी पडली. अध्यक्षीण डोरीनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आपलं मत रविकांतरावांच्या पारड्यात टाकलं. मग गॉर्डनला सॉरी म्हटलं.

हे वर्ष दोन हजार अठराचं. त्या नोव्हेंबरात पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं होणार होती, आणि मॉडला नटवायची जबाबदारी नव्या राखणदाराची होती. रविकांतरावांनी उन्हाळाभर तिचा गंज खरवडला. सप्टेंबर सरता सरता राखाडी रंगाचे तीन हात मारले. रंगाला पाऊस लागू नये म्हणून वर हिरवी ताडपत्री घातली.

“घराचं लाकडी डेक दोन वर्षं सोलून निघतंय,” त्यांच्या पत्नी वीणाताई म्हणाल्या. “त्याला पेंट करायला टाइम नाही. आणि त्या मॉडला थर्ड कोट.”

“डेक हिस्टॉरिकल नाहीये, वीणा.”

“होईल अजून दोन विंटर गेले की.”

अशा वेळी मिरजेहून प्रमिलाअक्का आल्या. त्याच त्या, लंडनजवळ भाऊ असलेल्या. अक्कांच्या यजमानांचं एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप होतं, आणि खंडेनवमीला प्रत्येक यंत्राला हळदकुंकू आपल्या हातानं लावायचं हे अक्कांनी आयुष्यभर केलेलं. लेथ, ड्रिल, वजनकाटा, इतकंच काय, कॅशियरचा कॅल्क्युलेटरसुद्धा त्यांच्या बोटातून सुटला नव्हता. रविकांतरावांनी मोठ्या ऐटीत बहिणीला टाउन हॉलसमोर नेलं, ताडपत्री दूर केली आणि किल्ली दाखवली.

अक्कांनी मॉडकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “ही तू सांभाळतोस?”

“मीच. पूर्ण गावानं दिलीये मला.”

“हिची पूजा कधी करतात?”

“अक्का, तोफ आहे ती.”

“दिसतंय की मला. म्हणूनच विचारतेय. शस्त्र आहे नव्हे?”

“इथे पूजा वगैरे नसते.”

अक्का शेजारच्या बाकावर बसल्या. “शंभर वर्षांत एकदासुद्धा नाही? अरे, सुतकामुळे एक वर्ष पूजा राहिली, तर आमच्या लेथनं तुझ्या दाजींचं बोट घेतलं. पूजा न केलेलं यंत्र काहीतरी मागतंच. आणि ही तर माणसं खाल्लेली आहे. ह्या दगडावरची नावं कुणाची आहेत मग?”

रविकांतराव फिजिक्सचे शिक्षक होते. लेथ आणि बोट यांच्यातला कार्यकारणभाव कसा लावायचा हे त्यांनी बहिणीला समजावून सांगितलं असतं. पण लहानपणी ह्याच बहिणीनं त्यांना मारून मारून पाढे शिकवले होते, आणि अशा माणसाला विज्ञान शिकवता येत नाही. शिवाय खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात कुठेतरी गुदगुल्या झाल्या. घरी दर दसऱ्याला ते लॅपटॉपला, गाडीला आणि बर्फ उडवायच्या स्नोब्लोअरला कुंकू लावत. आणि आता आपल्या ताब्यात खरीखुरी तोफ असताना स्नोब्लोअरची पूजा करायची म्हणजे शोभणारं नव्हतं.

आठवडाभर नाही नाही म्हणून झालं. मग दोन दिवस तिथी मिरजेची धरायची की एल्डरबीची यावर वाद झाला. तोफ एल्डरबीची आहे तेव्हा तिथीही इथलीच, असा अक्कांनी निकाल दिला, आणि पूजा करायची की नाही हा मूळ प्रश्न त्या गडबडीत सुटून गेला.

खंडेनवमीला उजाडायच्या आत तिघं निघाली. अक्कांच्या अंगावर काठपदराची साडी, तिच्यावर रविकांतरावांचा जुना जाडा पार्का कोट आणि डोक्याला माकडटोपी. गाडी वीणाताईंनी चालवली. “मी फक्त ड्राइव्ह करणार,” त्यांनी बजावलं. “अरेस्ट झालात तर मी तुमची नेबर आहे म्हणून सांगा.” पण हार त्यांनीच ओवला होता. दव गोठून रोपं मरतील म्हणून गॅरेजमध्ये आणून ठेवलेल्या कुंड्यांमधला झेंडू होता तो, भरघोस, चेंडूसारखा. गावच्या फुलांच्या प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं, आणि पहिलं का नाही याबद्दल वीणाताईंच्या मनात अजून अढी होती.

पूजा छानच झाली. अक्कांनी मॉडच्या नळीवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, चाकांना ओढली, हार घातला आणि चाकाच्या लोखंडी धावेवर नारळ फोडला. त्या शांततेत असा आवाज निघाला, की शंभर वर्षांनी मॉडच उडाली असं वाटलं. चाकाखाली लिंबू ठेवायचं, तर चाकं काँक्रीटमध्ये बसवलेली. तोफ लिंबावरून जाईना, तेव्हा रविकांतरावांनीच लिंबावरून बूट नेला. सोनं म्हणून अक्कांनी मेपलचं एक पिवळं पान ठेवलं.

“आता हे पुसून घेतो,” रविकांतराव फडकं काढत म्हणाले.

“खुळा का काय तू? पूजा लगेच उचलतात होय? संध्याकाळपर्यंत राहू दे.”

“अक्का, लोक बघतील.”

“झाकून ठेव की मग.”

त्यांनी वर ताडपत्री घातली, गाठी मारल्या, कुंपणाला कुलूप लावलं आणि घरी येऊन श्रीखंडपुरी खाल्ली. वाऱ्याचा दाब हा विषय त्यांनी आयुष्यभर शिकवला होता. ताडपत्रीच्या गाठी हा विषय त्यात नव्हता.

त्याच सकाळी वारा सुटला. ताडपत्री उडून बँकेच्या दारात जाऊन पडली. मग बारीक पाऊस आला. दहाच्या सुमाराला टाउन हॉलमध्ये कामाला आलेल्या माणसांनी पाहिलं, तर मॉडच्या अंगावरून लाल आणि पिवळे ओघळ वाहत होते. बघता बघता गाव जमलं.

सबनिसांच्या घरी फोन आला तो डोरीनबाईंचा. इथून पुढचं गावकऱ्यांचं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं.

“रवी, सॉरी, तुझ्या घरी पाहुणे आहेत ते मला माहीत आहे. पण मॉडची कुणीतरी विटंबना केली आहे.”

“अरेरे,” रविकांतराव म्हणाले. हातात पुरी होती.

“राखणदार तू आहेस. कुणी केलं हे शोधायचं काम तुझंच. गॉर्डन तुझ्या मदतीला येईल.”

खरं तर तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. रविकांतरावांनी तोंड उघडलंही. पण विटंबना हा शब्द ऐकल्यावर त्यांना ‘पूजा’ म्हणवेना, आणि ते “निघालोच” एवढंच म्हणाले. एकदा खोटं बोललं की दुसऱ्याला वाट होते. जागेवर गेल्यावर दुसरं बोलले, आणि मग त्यांची रांगच लागली.

गॉर्डन हातमोजे घालून आला होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगवहीत लिहावं तसं एकेक निरीक्षण मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. “कुलूप शाबूत आहे. किल्ली तुमच्याकडे, म्हणजे ते उघडलेलंच नाही. कुंपणावरून उड्या मारून आत आले. दणकट पोरं असणार, खेळाडू.”

“शक्य आहे,” किल्ली खिशात दाबून धरत रविकांतराव म्हणाले.

गॉर्डननं चाकाखालून करवंटीचा तुकडा उचलला. “हे काय असावं?”

“लाकूड.”

“लाकडाला केस असतात?”

“जुनं असेल.”

गॉर्डननं तो तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला. मग मागे सरून त्यानं डोळे बारीक केले. “लाल आणि पिवळा. मिस्टर सबनीस, लाल आणि पिवळा रंग कुणाचा?”

आता हा जेजुरीचं नाव घेतो की काय असं वाटून रविकांतरावांनी डोळे मिटले.

“ब्रुकटनच्या हॉकी टीमचा,” गॉर्डन म्हणाला.

तर्क बिनतोड होता. जर्सी लाल-पिवळी, पोरं दणकट आणि मशीनगनचं शल्य पिढीजात. झेंडूचा हारही त्यांच्याच खात्यावर जमा झाला. दुपारपर्यंत सगळ्या गावाला गुन्हेगार ठाऊक झाले. मेपलचं पान तेवढं कुणाच्या नजरेला आलं नाही, कारण ऑक्टोबरात त्या गावात पानांना तोटा नव्हता.

रविकांतरावांनी मॉडला साबणानं धुतलं, मग थिनरनं पुसलं. कुंकू गेलं. हळद मात्र ताज्या रंगात मुरली होती. नळीवर पाच बोटांचा पिवळा ठसा जो राहिला तो राहिलाच.

घरी अक्का वाट पाहत होत्या. “एवढं कशाला घाबरतोस रे? चोरी नाही केली, पूजा केली. जाऊन सांग. नाहीतर मी सांगते.”

“तू काय सांगणार? तुला इंग्लिश येत नाही.”

“हात जोडून सांगते. ते येतं की मला.”

“अक्का, तुला नाही कळणार.” रविकांतराव खुर्चीत बसले. “मी इथे आलो तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. शाळेनं नोकरी दिली, कारण त्यांना टीचर पाहिजे होता. बँकेनं लोन दिलं, कारण मी ते फेडणार होतो. ही किल्ली अशी आहे, की ती मला दिली नसती तरी कुणाचं काही अडत नव्हतं. तरी दिली. आणि दिल्यावर पहिल्याच वर्षी मी हे करून ठेवलं.”

वीणाताईंनी न मागता चहा आणून ठेवला. असं त्या घरात सहसा होत नसे.

दोन दिवस असेच गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. किराणा घ्यायला गेलं तर दुकानातली बाई हसून बघे, आणि ती नेहमीच तशी हसते हे त्यांना आठवत नसे. पोस्टातला माणूस म्हणाला, “पकडा त्या पोरांना.” रविकांतराव म्हणाले, “पकडतो.” आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग मीटिंग आली. कमिटी लीजन हॉलमधल्या लांब टेबलाभोवती बसली. डोरीनबाईंनी घरी भाजलेले गोड बटर टार्ट आणले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. अक्का हट्टानं बरोबर आलेल्या. पार्का घालूनच त्या कोपऱ्यात बसल्या, आणि कुणी बघितलं की मान लववत होत्या. वॉल्टर आपल्या वॉकरला टेकून टेबलाच्या टोकाशी बसला होता. त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो झोपलाय की विचार करतोय हे कधी कळत नसे.

गॉर्डननं पुराव्याची पिशवी टेबलावर ठेवली आणि ब्रुकटनला पाठवायचं पत्र वाचून दाखवलं. तुमच्या मुलांनी आमच्या मृतांचा अपमान केला आहे, सबब दरवर्षी येणाऱ्या तुमच्या हॉकी टीमनं यंदा अकरा नोव्हेंबरच्या संचलनात आमच्या गावी येऊ नये, असा त्याचा मतलब होता.

“पत्र टाकण्याआधी कुणाला काही म्हणायचं आहे?” डोरीनबाईंनी विचारलं.

रविकांतराव टार्टकडे बघत होते.

“काहीही,” डोरीनबाई म्हणाल्या. “अगदी लहानसं असलं तरी. सॉरी, घाई करत नाहीये.” त्यांनी ताटली रविकांतरावांपुढे सरकवली. “आपल्याला वेळ आहे.”

रविकांतरावांच्या डोळ्यांसमोर ब्रुकटनची पोरं आली. दहा-बारा वर्षांची, संचलनात गारठून नाकं लाल झालेली, जर्सीवर युद्धस्मरणाचं लाल पॉपीचं फूल लावून ताठ चालायचा प्रयत्न करणारी. दरवर्षी कार्यक्रम झाला की ती खुर्च्या मिटायला मदत करत. एल्डरबीचं एकही पोर करत नसे. रविकांतराव उठले. खिशातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“ब्रुकटनच्या पोरांनी काही केलेलं नाही,” ते म्हणाले. “मी केलं.”

आणि मग सगळं सांगितलं. खंडेनवमी, लेथ, दाजींचं बोट, हळद, नारळ, लिंबू, सगळं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की इंग्रजीत हे फारच वेड्यासारखं ऐकू येतंय. तरी त्यांनी काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, “अपमान करायचा नव्हता. पण लपवलं, ती माझी चूक. किल्ली गॉर्डनला द्या.”

सगळ्यात वाईट तोंड गॉर्डनचं झालं होतं.

“म्हणजे ब्रुकटन नाही?” तो म्हणाला. “अजिबात नाही?”

“अजिबात नाही. आणि ते लाकूड नाही, नारळ आहे.”

“मला वाटलंच होतं लाकडाला केस नसतात,” गॉर्डन पुटपुटला. एवढ्या वर्षांनी का होईना, मास्तरांची चूक सापडल्याचं थोडं समाधान त्याच्या चेहऱ्यावर उमटलं.

डोरीनबाईंनी चष्मा पुसला. “रवी, झेंडूचा हार मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. वीणाच्या झेंडूला दुसरं बक्षीस देणारी परीक्षक मीच होते. पण तू सांगायच्या आधी मी कसं सांगणार? ते बरं दिसलं नसतं. सॉरी.”

म्हणजे कोंबडं झाकलं होतं ते फक्त रविकांतरावांच्या समजुतीत. त्यांना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. वॉल्टर जागा होता.

“तिला विचार,” तो अक्कांकडे बोट करून म्हणाला. “तोफेची पूजा कशाला करायची? त्या तोफेनं माणसं मारली आहेत.”

रविकांतरावांनी मराठीत विचारलं. अक्का उभ्या राहिल्या. “सांग त्यांना, लोखंडाला कुठं कळतंय आपला कोण, परका कोण. चालवेल तसं चालतं ते. म्हणून वर्षातून एकदा त्याला हात लावून सांगायचं असतं, बाबा, आता शांत राहा. कुणाचं काही मागू नकोस.”

रविकांतरावांनी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. वॉल्टरनं बराच वेळ मान हलवली.

“मॉडवर रंग पडायची ही दुसरी वेळ आहे,” तो म्हणाला. “पहिली तुम्हा कुणाला माहीत नाही. तोफ गावात आली त्या वर्षी, माझ्या जन्माच्या आधी. त्या वेळी कुंपण नव्हतं, कुलूपही नव्हतं. बँड लावून आणली होती तिला. आठ दिवसांत कुणीतरी धान्याच्या कोठाराला देतात तो लाल रंग बादलीभर तिच्यावर ओतला. गाव खवळलं. माझ्या वडिलांना चौकशीला नेमलं. चौकशी पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर संपली, कारण माझी आई समोर बसली होती आणि तिच्या नखांत लाल रंग होता.”

त्यानं वॉकर जवळ ओढला.

“आईचा भाऊ आल्फी. स्तंभावर वरून चौथा. अशाच कुठल्यातरी तोफेनं गेला. त्याच्यातलं पुरायला काही आलं नाही, आणि वर गावानं तोफ आणून दारात उभी केली. वडिलांनी कमिटीला सांगितलं, गुन्हेगार सापडत नाही, कुंपण घाला, किल्ली मी ठेवतो. मरेपर्यंत ठेवली. मग मी ठेवली. आईनं मला शपथ घातली होती, राख हवं तर, पण उघड्या हातानं शिवू नकोस. मी कधी शिवलो नाही.” त्यानं हात लांब करून टेबलावरची किल्ली ओढली आणि रविकांतरावांपुढे सारली. “या गावात किल्ली गुन्हेगाराच्याच घरी राहत आलीये. गॉर्डननं काही केलंय का?”

“नाही,” गॉर्डन ओशाळून म्हणाला.

“मग त्याला कशी देणार?”

डोरीनबाईंनी ब्रुकटनचं पत्र चार तुकडे करून टार्टच्या रिकाम्या डब्यात टाकलं. रविकांतराव बहिणीच्या कानाशी लागून सगळं मराठीत सांगत होते. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.”

“तसंच.”

“बरोबर आहे की. काय जपायचं ते चोरालाच ठाऊक असतं.”

अकरा नोव्हेंबर उजाडला तो कडाक्याचा गारठा घेऊन. रविकांतरावांनी खुर्च्या मांडल्या. ब्रुकटनची पोरं लाल-पिवळ्या जर्सीत आली आणि गॉर्डननं त्यांना गरज नसताना दोन-दोनदा हॉट चॉकलेट दिलं. बिगूल वाजला, लोक मुकाट उभे राहिले, पुष्पचक्रं वाहिली गेली. मग प्रत्येकानं आपल्या कोटावरची पॉपी काढून स्तंभाच्या पायाशी ठेवली, तशी तिथली पद्धतच आहे. ब्रुकटनच्या पोरांनी खुर्च्या मिटल्या.

गर्दी पांगली तरी वॉल्टर वॉकर धरून उभाच होता. त्याची पॉपी अजून त्याच्या कोटावर होती.

“रवी, कुलूप काढ,” तो म्हणाला.

रविकांतरावांनी कुंपण उघडलं. वॉल्टर सावकाश आत गेला. मॉडसमोर उभं राहून त्यानं उजव्या हाताचा मोजा दातानं ओढून काढला. तो उघडा हात त्यानं नळीवरच्या पिवळ्या बोटांच्या ठशावर ठेवला, अक्कांची बोटं जिथे होती नेमका तिथेच, आणि तसाच ठेवून उभा राहिला. मग पॉपी काढून त्या ठशाशेजारी, नळी आणि चाक यांच्या मधल्या खाचेत खोचली.

पलीकडे अक्कांनी हात जोडले होते. रविकांतरावांना डोळे पुसायचे होते, पण हातमोजे ओले होते.

वॉल्टरनं एक पाऊल मागे घेऊन पाहिलं. “पिवळा बरा दिसतो,” तो म्हणाला. “पण आईला लालच आवडला असता.”

मग त्यानं मोजा चढवला. रविकांतरावांनी त्याला हात देऊन बाहेर आणलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.